एअर-कूल्ड टर्बो इंजिनाचा ब्लॉक-पिस्टन संच: तीन पर्याय आणि एक निवड

सावदा-फैजपूर पट्ट्यातल्या आमच्या केळी पिकवणी केंद्रावर ८२.५ केव्हीएचा जनरेटर आहे. त्याचे इंजिन सहा सिलिंडरचे, एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणारे) आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारे यंत्र) बसवलेले आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२० मिमी, म्हणजे सहा सिलिंडर मिळून सुमारे ५.६५ लिटर. गेल्या पावसाळ्यात ते पूर्ण खोलावे लागले. सहाही ब्लॉक (प्रत्येक पिस्टनचे स्वतंत्र सिलिंडर) आणि पिस्टन बदलायचे ठरल्यावर जळगाव, भुसावळ आणि धुळे इथल्या बाजारात तीन प्रकारचे संच पाहायला मिळाले: इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा सीलबंद संच, एका वितरकाने नामांकित कंपनीचा पिस्टन आणि दुसऱ्या फाउंड्रीचा ब्लॉक जुळवून बांधलेला संच, आणि कोणतीही छाप नसलेला स्वस्त संच. आम्ही दुसरा घेतला. मधे एक पूर्ण उन्हाळा गेला असल्यामुळे आता त्याबद्दल जबाबदारीने लिहिता येईल. पहिला का सोडला आणि तिसऱ्याला हात का लावला नाही, हेही सांगणे गरजेचे आहे, कारण असे इंजिन घेऊन दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, "बोअर किती?", आणि निवड करताना त्या प्रश्नाचा उपयोग सर्वांत कमी असतो.

इंजिन खोलण्याची वेळ का आली ते थोडक्यात सांगतो. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येऊ लागला होता, ऑइल झपाट्याने कमी होत होते आणि केळी पिकवण्याच्या चेंबरचे दोन कॉम्प्रेसर एकाच वेळी सुरू झाले की इंजिन दबत होते. हेड उतरवल्यावर मागच्या दोन सिलिंडरच्या टॉप रिंगा (पिस्टनवरची सर्वांत वरची कडी) खाचेत कार्बनने चिकटून बसलेल्या आढळल्या, आणि त्या पिस्टनांच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या भिंतीवर, उभे ओरखडे होते. कारण बाहेरूनच दिसत होते. आमच्या कुंपणापलीकडे जिनिंग आहे. कापसाच्या हंगामात तिथली रुई वाऱ्यावर उडून येते, ब्लॉकच्या फिनमध्ये (उष्णता बाहेर सोडणाऱ्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) अडकते, तिच्यावर ऑइलचा ओलावा आणि त्यावर धूळ असे थर साचत जातात, आणि काही महिन्यांत दोन फिनमधली फट नमद्यासारखी बुजून जाते. पाण्याच्या इंजिनात रेडिएटर बुजला तर तापमानाचा काटा चढतो आणि माणूस सावध होतो. एअर-कूल्ड इंजिनात मात्र प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र असल्यामुळे एखादाच तापत राहतो आणि बाकीचे पाच व्यवस्थित चालत असल्यामुळे बाहेर काहीच कळत नाही.

अशा इंजिनाचा संच निवडताना पहिला विचार उष्णतेचाच करावा लागतो. ब्लॉकच्या वरच्या भागातली भिंत १७५ अंशांवर आहे असे धरले, तर बाहेरच्या २५ अंशांच्या हवेशी तिचा फरक १५० अंशांचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवाच ४५ अंशांची असते, म्हणजे फरक १३० अंशांवर येतो. पंखा तोच, त्याचा वेगही तोच, पण उष्णता वाहून नेण्याची कुवत सुमारे आठव्या हिश्शाने कमी झालेली. त्यात टर्बो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) नसेल, तर ४५ अंशांची हवा टर्बोमधून ०.७ बार जादा दाबाने बाहेर पडते तेव्हा ती १०० अंशांच्या पुढे गेलेली असते, आणि तीच सिलिंडरमध्ये शिरते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये निभावून जाणारा ढिसाळ माल भुसावळ-रावेरकडे मे महिन्यात टिकत नाही, तो याच कारणाने.

आता धातूकडे वळू. ॲल्युमिनियमचा १०० मिमी व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला की सुमारे ०.२ मिमी फुगतो. बिडाचा ब्लॉक तेवढ्याच तापमानवाढीने सुमारे ०.११ मिमी फुगतो. शिवाय पिस्टन ब्लॉकपेक्षा अधिक तापतो. म्हणून पिस्टन आणि ब्लॉक यांच्यातली फट ही केवळ बसवण्याची सोय नसते, ती प्रत्यक्ष चालू इंजिनातल्या तापमानाचा हिशेब करून ठेवलेली असते, आणि एअर-कूल्ड इंजिनात ती पाण्याच्या इंजिनापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते. चांगला पिस्टन थंड असताना गोल नसतो. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दिशेने तो किंचित अरुंद असतो, वरून खाली रुंदावत जातो आणि तापल्यावर आकाराला येतो. म्हणून मायक्रोमीटर लावायचा तो स्कर्टच्या खालच्या बाजूला, पिनशी काटकोनात. दुकानात पिस्टन वरच्या कडेला मोजून "ढिला आहे" असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

टर्बो आणि बिनटर्बो यांच्यातला फरक हा या खरेदीतला खरा कळीचा मुद्दा आहे. या मापाची इंजिने दोन्ही प्रकारांत मिळतात. जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या प्रसिद्ध ९१२ मालिकेचे मापही १०० बाय १२० असेच होते. बोअर सारखा, पिनचे अंतर जवळपास सारखे, त्यामुळे बिनटर्बो पिस्टन टर्बोच्या ब्लॉकमध्ये सहज उतरतो आणि इंजिन चालूही होते. भुसावळच्या एका दुकानात आम्हाला तसाच पिस्टन काढून दिला होता. आमचे मिस्त्री मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी तो उलटा करून खालून पाहिला आणि दुकानदाराकडे परत सरकवत म्हणाले, "हाऊ आपला पिस्टन नही शे, भाऊ." त्यांनी पाहिले होते ते स्कर्टच्या खालच्या कडेचे अर्धगोल खाचेचे ठिकाण. टर्बो इंजिनात प्रत्येक पिस्टनच्या पोटावर ऑइलची धार मारणारी छोटी नळी क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) बसवलेली असते. पिस्टन खाली येतो तेव्हा त्या नळीला जागा मिळावी म्हणून स्कर्टला ती खाच असते. खाच नसलेला पिस्टन खाली आला की नळीवर आदळतो. मग काही मिस्त्री नळीच काढून भोक बंद करतात, आणि क्राउनची, म्हणजे पिस्टनच्या माथ्याची, उष्णता काढून नेणारी एक मोठी वाट कायमची बंद होते.

दुसरी खूण टॉप रिंगच्या खाचेत दिसते. टर्बोच्या पिस्टनात त्या खाचेभोवती निकेलयुक्त बिडाचे कडे ओतकामातच बसवलेले असते, ज्याला रिंग कॅरिअर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या चकाकीत त्याची राखाडी पट्टी वेगळी दिसते आणि नखाने चाचपली तरी कळते. तापलेल्या ॲल्युमिनियमची खाच रिंगच्या धक्क्यांनी रुंदावते. हे कडे तिला तसे होऊ देत नाही, आणि त्याचे तापून फुगणे ॲल्युमिनियमच्या बरेच जवळ असल्यामुळे ते पिस्टनशी जोडलेले राहते. तिसरी खूण म्हणजे रिंग स्वतः. टॉप रिंग कीस्टोन पद्धतीची, म्हणजे छेदात आतल्या बाजूला निमुळती असेल, तर ती खाचेत सरकताना प्रत्येक वेळी कार्बन मोडत राहते. खाचेचे तापमान अडीचशे अंशांच्या आसपास गेले की ऑइल तिथे जळून घट्ट बसू लागते, आणि आमच्या मागच्या दोन सिलिंडरचे नेमके तेच झाले होते.

चौथा फरक बाउलचा (पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याचा) आणि कॉम्प्रेशनचा आहे. टर्बोसाठी कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) कमी ठेवतात, कारण आत आधीच दाबलेली हवा येते आणि ती पुन्हा तितकीच दाबली तर जळतानाचा दाब पिस्टन, पिन आणि हेडचे बोल्ट यांना पेलवेनासा होतो. पेट्रोलच्या जगात याचे सर्वांत ठळक उदाहरण पोर्शचे आहे: १९७५ च्या तीन लिटरच्या ९११ टर्बोत, तेही एअर-कूल्डच, कॉम्प्रेशन अवघे ६.५:१ ठेवले होते, आणि १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाल्यावर ते ७:१ वर नेले. डिझेलला इतके खाली जाता येत नाही, कारण त्याला थंड इंजिनात निव्वळ दाबाच्या उष्णतेवर पेट घ्यायचा असतो. धुळे-नंदुरबारकडच्या हिवाळी पहाटे पारा एक आकडी होतो तेव्हा हे चांगलेच लक्षात येते. म्हणून कॉम्प्रेशन फार कमी असलेला पिस्टनही नको आणि बिनटर्बोचाही नको. बाउलची खोली आणि आकार नोझलच्या फवाऱ्याशी जुळलेला असतो. तो बदलला तर फवारा चुकीच्या जागी पडतो आणि धुराचा रंगच ते सांगतो.

आता तिसऱ्या, बिनछापाच्या संचाबद्दल. किंमत आमच्या निवडीच्या निम्म्याहून कमी होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पिस्टन वरवर पाहता अगदी वाईट नव्हता. राजकोटचा माल म्हटला की सरसकट नाक मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती अन्यायकारक आहे, कारण डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणारे ते देशातले मोठे केंद्र आहे आणि तिथे उत्तम लायनरही बनतात. अडचण गावाची नव्हती, या विशिष्ट ब्लॉकची होती. फिन जाड आणि बोथट होत्या, आणि जुन्या ब्लॉकपेक्षा संख्येने कमी होत्या. दोन फिनमध्ये ओतकामाची वाळू जळून चिकटलेली होती. वायर ब्रशने ती निघाली नाही, बारीक पात्याने टोकरल्यावर खड्यांसारखी सुटली. एअर-कूल्ड ब्लॉकमध्ये फिन हाच रेडिएटर असतो, आणि तो कारखान्यातूनच बुजून आला असेल तर जिनिंगच्या रुईला दोष देण्यात अर्थ नाही. त्याहून गंभीर बाब उंचीची. क्रँककेसवर टेकणाऱ्या कडेपासून हेडखालच्या कडेपर्यंतची उंची सहाही ब्लॉकमध्ये एकसारखी असायला हवी. इथे व्हर्निअर लावताच त्यांच्यात डोळ्यांत भरण्याइतका फरक निघाला. उंचीत फरक म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडशी राहणारी फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी, म्हणजे कॉम्प्रेशनही वेगळे. शिमने (खाली घालायच्या पातळ चकतीने) काही प्रमाणात ते सुधारता येते, पण ज्या कारखान्याला उंची राखता आली नाही त्याने बोअरचा गोलपणा राखला असेल यावर आमचा विश्वास बसला नाही.

कंपनीच्या संचात खोट काढायला जागा नाही. ब्लॉकचे ओतकाम स्वच्छ, फिन पातळ आणि सारख्या अंतराच्या, आतली होनिंगची जाळी (भिंतीवर घासून पाडलेल्या बारीक तिरक्या रेषा) एकसमान, पिस्टनवर गट आणि वजनाचे शिक्के, पिन व ती जागेवर धरणारे सर्कलिप सोबत. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहेत त्यांनी डोळे झाकून तोच घ्यावा. आमच्यासाठी दोन गोष्टी आड आल्या. टर्बोचा संच विक्रेत्याकडे तयार नव्हता, मागवून यायला मोठी मुदत सांगितली जात होती आणि त्या मुदतीची लेखी हमी कोणी देईना. श्रावणात केळीची मागणी वाढते, तेव्हा जनरेटर बंद ठेवून चेंबर चालवणे शक्य नव्हते. किंमतही आम्ही घेतलेल्या संचाच्या जवळपास दीडपट होती. त्या जादा पैशात ब्लोअर (इंजिनावर हवा मारणारा पंखा) आणि इंजेक्शन पंप या दोन्हींचे काम झाले, आणि एअर-कूल्ड इंजिनात ब्लोअरवर केलेला खर्च मला पिस्टनच्या डब्यावरच्या शिक्क्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

राहिला आमचा संच. पिस्टन आणि रिंगांच्या धंद्यात माले, गोएत्झे, श्रीराम पिस्टन्स, इंडिया पिस्टन्स अशी मोठी नावे आपल्याकडे आहेत आणि दुकानदार ती लगेच पुढे करतात. पण एकाच कंपनीचे टर्बो आणि बिनटर्बो पिस्टन वेगळ्या पार्ट नंबरने येतात, त्यामुळे नावाआधी नंबर वाचावा. आमच्या पिस्टनात वर सांगितलेल्या चारही खुणा होत्या. ब्लॉक दुसऱ्या फाउंड्रीचा असल्यामुळे प्रत्येक जोडी मोजूनच घेतली. अजिंठा चौफुलीजवळच्या एका बोअरिंगच्या दुकानात डायल गेज लावून प्रत्येक ब्लॉक वर, मध्ये आणि खाली, उभा-आडवा असा मोजून दिला गेला. फट सगळीकडे ०.१२ मिमीच्या जवळपास आली आणि इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेत बसली. एक ब्लॉक तळाशी किंचित लंबगोल निघाला. वितरकाने वाद न घालता तो बदलून दिला. त्या दुकानाच्या कामाबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवतो: त्यांनी मापे तोंडी न सांगता पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येक ब्लॉकला बांधून दिली, आणि अशी शिस्त आपल्या भागात क्वचितच दिसते.

पिस्टनची वजने जुळवण्यासाठी फारसा खटाटोप करावा लागला नाही. सोन्याच्या पेढ्यांसाठी नावाजलेल्या जळगावात बारीक काट्याची टंचाई नाही. एका परिचित सराफाकडे रिंग आणि पिनसह सहाही पिस्टन तोलले, आणि सर्वांत हलका व सर्वांत जड यांच्यातला फरक पाच ग्रॅमच्या आत निघाला. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सहा मीटर असतो, त्यामुळे एवढा फरक सहज चालतो. रिंगची तोंडफट मोजताना मात्र घाई करू नये. रिंग ब्लॉकमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून फिलर गेज लावायचा. दर १०० मिमी बोअरला ०.४ मिमी हा सर्वसाधारण ठोकताळा आहे आणि टर्बोला त्याहून कमी नको. फट कमी राहिली तर तापल्यावर रिंगची दोन टोके एकमेकांना भिडतात आणि मग रिंग ब्लॉक खरवडते. आमच्या संचातल्या दोन टॉप रिंगा तंग होत्या, त्या कानशीने हलक्या हाताने जुळवाव्या लागल्या.

वरची फट शिशाच्या तारेने मोजली. पिस्टनच्या कडेवर तार ठेवून, हेड ठरलेल्या ताणाने आवळून, क्रँक एकदा हाताने फिरवली की तार जितकी चपटी होते तितकी फट. ब्लॉकखाली योग्य जाडीचे शिम घालून सहाही सिलिंडर एका मापावर आणले. या कामाला अर्धा दिवस जातो म्हणून पुष्कळ मिस्त्री ते टाळतात, पण मिश्र संच घ्यायचा असेल तर हा अर्धा दिवस मजुरीत आधीच मोजून ठेवावा.

जुने ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावेत का, हा प्रश्न आम्हालाही अनेकांनी विचारला. बिनटर्बो इंजिनात मी ते एकदा करू दिले असते. टर्बोत नाही. बोअर वाढला की भिंत पातळ होते, आणि वर्षानुवर्षे तापलेल्या ब्लॉकच्या फिनही ठिकठिकाणी तुटलेल्या असतात. एका दुकानदाराने तर १०२ मिमीपर्यंत नेण्याचा सल्ला दिला, कारण डॉइट्झच्या ९१३ मालिकेत बोअर १०२ आहे. त्या मालिकेचा स्ट्रोकही १२५ आहे आणि ब्लॉक त्याच मापाने ओतलेला असतो, हे तो विसरला. दोन मिलिमीटरने क्षमता वाढते ती जेमतेम चार टक्के. टर्बो असताना त्या चार टक्क्यांसाठी भिंत पातळ करणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

बसवल्यानंतर इंजिन रिकामे फार वेळ चालवले नाही. नव्या रिंगा बसण्यासाठी दाब लागतो. भाराशिवाय तासन्‌तास चालवले तर ब्लॉकची होनिंगची जाळी गुळगुळीत होऊन बसते आणि ऑइल कायमचे वर येऊ लागते. म्हणून प्रथम पाव, मग निम्मा, मग पाऊण भार असे चढवत नेले, पहिले ऑइल लवकर बदलले आणि ब्लोअरभोवतीचे सगळे पत्रे, पूर्वी काढून टाकलेला मागचा पत्राही, जागच्या जागी लावले. हा पत्रा नसेल तर हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. उन्हाळ्यात, भर दुपारी, दोन्ही कॉम्प्रेसर चालू असताना ब्रीदरमधून येणारी वाफ नगण्य राहिली, धूर फक्त भार एकदम पडल्यावर क्षणभर दिसला आणि दोन ऑइल बदलांच्या मध्ये भर घालण्याची वेळ आली नाही. जिनिंगच्या बाजूने बारीक जाळी लावली आहे आणि दर आठवड्याला फिनवर उलट दिशेने हवा मारली जाते.

संचातल्या उणिवाही सांगायला हव्यात. पिनचे सर्कलिप सुमार होते. हाताने दाबले तर परत पूर्ण उघडत नव्हते, म्हणून ते टाकून कंपनीचे वेगळे विकत घेतले. सर्कलिप सुटला तर पिन सरकून ब्लॉकला खोल चर पाडते, त्यामुळे इथे काटकसर करू नये. ब्लॉकखालची रबरी सीलही साधी होती आणि एका सिलिंडरखाली ऑइलचा पाझर दिसू लागला आहे. बिलावर ब्लॉक आणि पिस्टन यांचे पार्ट नंबर वेगवेगळे लिहिलेले नाहीत, नुसते "६ सिलिंडर संच" असे आहे. पुढे एखादाच ब्लॉक बदलायचा झाला तर हे नंबर लागतील, म्हणून ते वितरकाकडून बिलावरच लिहून आणि शिक्का मारून घ्यावेत. आम्ही मागितल्यावर त्यांनी ते दिले, पण मागावे लागले.